प्रति युनिट साडेअठरा रुपये: माझ्याच लघुप्रबंधाची उलटतपासणी



पीएचडीच्या तयारीला लागलेल्या ज्या विद्यार्थ्यांना ऊर्जा हा विषय घ्यायचा असतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक विषय हमखास असतो: ‘अमुक गावासाठी सौर पॅनल आणि बॅटरी यांची इष्टतम क्षमता व खर्च’. विषय चांगला आहे. सॉफ्टवेअर मिळतं, उन्हाची आकडेवारी फुकट मिळते, गाव आपलंच असतं. मीही एमएस्सीला हेच केलं होतं. गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात निष्कर्ष होता: प्रति युनिट साडेअठरा रुपये.

आज त्याच लघुप्रबंधावर टीका करायची आहे. तो फार वाईट होता म्हणून नव्हे. या प्रकारचे शोधनिबंध मी गेली काही वर्षं सतत वाचते आहे आणि त्यातल्या पुष्कळांत मला माझ्याच चुका दिसतात. फरक एवढाच की माझ्या चुकीचं बिल माझ्या मामांनी भरलं.

आकडा कसा आला

मामा-मामी शेतातल्या आखाड्यावर राहतात. तिथे फक्त शेतीच्या फिडरची लाईट, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. गावातल्या घरासारखं कनेक्शन नाही. म्हणून मी आखाड्यालाच नमुना घर मानलं आणि रात्रीचा लोड मोजला. ७५ वॅटचे दोन पंखे नऊ तास म्हणजे १.३५ युनिट. ९ वॅटचे चार बल्ब पाच तास, ०.१८. टीव्ही तीन तास, ०.१८. मोबाईल चार्जिंग वगैरे ०.१. सगळं मिळून साधारण १.८ युनिट.

आता हे १.८ युनिट रात्री मिळवायचे तर दिवसा पॅनलकडून जास्त घ्यावे लागतात, कारण लेड-ॲसिड बॅटरीत टाकलेल्या विजेपैकी ७८ टक्के परत मिळते असं मी धरलं आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली. म्हणजे पॅनलकडून रोज सुमारे २.६ युनिट हवेत. आपल्या भागात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे ५.३ तास ‘पूर्ण ऊन’ मिळतं (पूर्ण ऊन म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट). धूळ, उष्णता, तारा यांचा तोटा २५ टक्के धरला की एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला जवळपास ४ युनिट देतात. २.६ भागिले ४, म्हणजे ०.६६ किलोवॅट. ३३० वॅटचे दोन पॅनल. गणित इतकं सुबक जुळलं की मला फार आनंद झाला होता.

बॅटरी: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन, एकूण ३.६ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून वापरण्याजोगे १.८. हेही जुळलं!

एकूण खर्च सत्तर हजार. पॅनल, सांगाडा आणि वायरिंग २८ हजार (आयुष्य २० वर्षं), इन्व्हर्टर १२ हजार (१० वर्षं), बॅटऱ्या ३० हजार (५ वर्षं). डिस्काउंट रेट ८ टक्के धरून वर्षाचा हप्ता काढला तर १२,१५४ रुपये. वर्षाचे युनिट ६५७. भागाकार १८.५.

या भागाकाराला एलसीओई म्हणतात: यंत्रणेच्या आयुष्यभराचा खर्च भागिले तिने आयुष्यभरात दिलेली वीज, दोन्ही आजच्या किमतीत आणून. तुम्ही जो शोधनिबंध उघडाल त्याच्या सारांशात हा आकडा असणारच.

मामांनी तो वाचला नाही. मी तोंडी सांगितला. त्यांनी सोयाबीनचे पैसे आल्यावर यंत्रणा बसवून घेतली, अगदी माझ्या मापाने.

‘कोन्त्या महिन्याचं गणित व्हतं?’

उन्हाळा बरा गेला. जुलैत झड लागली. सूर्य दिसेना. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला, ‘पोरी, तुझं ते गणित कोन्त्या महिन्याचं व्हतं गं?’

या एका प्रश्नात माझ्या लघुप्रबंधाची खरी समीक्षा होती. ते गणित कुठल्याच महिन्याचं नव्हतं. वर्षाची सरासरी हा असा दिवस आहे जो कॅलेंडरवर क्वचितच येतो. मे महिन्यात आपल्याकडे पूर्ण ऊन साडेसहा तासांच्या आसपास असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ते चारवर येतं. आणि चार हीसुद्धा महिन्याची सरासरीच. झडीच्या दिवशी दीड तास मिळालं तरी पुष्कळ. अशा दिवशी दोन पॅनल ०.७४ युनिट देतात, त्यातलं रात्री पंख्यापर्यंत पोहोचतं अर्धं युनिट. हवेत १.८.

बॅटरीच्या बाजूला आणखी एक चूक होती. इन्व्हर्टरचा तोटा मी पॅनलचं माप काढताना धरला आणि बॅटरीचं माप काढताना विसरले. १.८ युनिटच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे १.५८च बाहेर येतात. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा एक रात्र धड काढू शकत नव्हती, मग झडीचे तीन दिवस कुठले! उन्हाळ्यात हे लक्षात आलं नाही, कारण मामी पहाटे चारलाच उठून एक पंखा बंद करायची. माझ्या मॉडेलची चूक मामीच्या सवयीने झाकली होती.

इथे उन्हाळ्याचंही एक सांगते. पॅनलची क्षमता कारखान्यात २५ अंश तापमानाला मोजतात. परभणीत मे महिन्यात हवा ४२ अंश असते तेव्हा भर दुपारी पॅनलच्या आतलं तापमान ७० अंशांपर्यंत जातं. सिलिकॉनचा पॅनल दर अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता गमावतो, म्हणजे ४५ अंशांच्या फरकाने १५-१६ टक्के. ऊन सगळ्यात जास्त असतं तेव्हाच पॅनल सगळ्यात मंदावतो आणि पंखेही तेव्हाच सगळ्यात जास्त फिरतात.

आता शोधनिबंधांकडे वळू. यातल्या बहुतेक अभ्यासांत ‘होमर’ नावाचं सॉफ्टवेअर वापरलेलं असतं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत तयार झालं आणि ते उत्तम साधन आहे. पण त्याला तुम्ही महिन्यांच्या बारा सरासऱ्या दिल्या तर तासातासाचं ऊन ते स्वतः कृत्रिमरीत्या तयार करतं. त्या कृत्रिम जुलैत आपल्या झडीसारखी झड असेलच असं नाही. सरासऱ्या बहुधा ‘नासा’च्या आकडेवारीतून घेतात. तिथला उन्हाचा एक चौकोन एक अंश बाय एक अंशाचा, म्हणजे बाजूला शंभरेक किलोमीटर. शीर्षकात गावाचं नाव असतं आणि आत जिल्ह्याएवढं ऊन असतं. हे वापरू नका असं मी म्हणत नाही. वापरलंय हे मर्यादांमध्ये लिहा, आणि सलग ढगाळ दिवसांची चाचणी वेगळी घ्या, एवढंच म्हणते.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. वीज न मिळण्याची किती मुभा गृहीत धरली, हे पुष्कळ निबंधांत स्पष्ट सांगितलेलंच नसतं. संशोधनात याला एलपीएसपी म्हणतात: मागणीच्या किती टक्के वीज पुरवता आली नाही. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्षाच्या तीन टक्के म्हणजे अकरा रात्री. त्या वर्षभर विखुरल्या तर कोणी तक्रार करणार नाही. त्या सलग आल्या, तेही पावसात, साप-विंचवाच्या दिवसांत शेतातल्या आखाड्यावर, तर? टक्का तोच राहतो. म्हणून ही मुभा न सांगता कोणी ‘इष्टतम क्षमता’ सांगत असेल तर त्याने क्षमता काढलेलीच नाही असं मी समजते.

बॅटरीचं वय कोण ठरवतं?

माझ्या तक्त्यात बॅटरीचं आयुष्य पाच वर्षं होतं. हा आकडा मी आधीच्या एका निबंधातून उचलला होता, त्याने त्याच्या आधीच्या. मामांच्या बॅटऱ्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर संपल्या. बॅटरीत खोट नव्हती. लेड-ॲसिड बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. पॅनल अपुरे, म्हणून बॅटरी उपाशी, म्हणून तिचं आयुष्य कमी. पॅनलचं माप आणि बॅटरीचं वय या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, पण माझ्या तक्त्यात त्या दोन वेगवेगळ्या ओळींत, एकमेकींशी न बोलता बसल्या होत्या.

बॅटरी पाचऐवजी दोन वर्षं टिकली तर काय होतं ते पाहा. बॅटरीचा वार्षिक हप्ता साडेसात हजारांवरून १६,८२३वर जातो. एकूण २१,४६३ रुपये. प्रति युनिट ३२.७. तेही सगळे ६५७ युनिट मिळाले असं धरून, जे मिळालेच नाहीत.

संवेदनशीलता विश्लेषण मीही केलं होतं बरं का. पॅनलची किंमत दहा टक्के वर-खाली, डिस्काउंट रेट दोन टक्के वर-खाली. छान रंगीत आलेख. पण वार्षिक खर्चातला ६० टक्क्यांहून जास्त वाटा ज्या बॅटरीचा होता, तिचं वय मी हलवलंच नाही. जे हलवायला सोपं ते हलवलं.

पंखा बदलला आणि एलसीओई बिघडला

दुसऱ्यांदा बॅटऱ्या घ्यायची वेळ आली तेव्हा मामांना वाटत होतं दोनाच्या चार कराव्यात. मी या वेळी लोडपासून सुरुवात केली. ७५ वॅटचे दोन जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले. दोन्हींचे मिळून सहा हजार, म्हणजे एका बॅटरीच्या निम्म्याहून कमी. रात्रीचा लोड १.८वरून १ युनिटवर आला. पॅनल तेच, बॅटऱ्या नव्या पण दोनच. आता ऑगस्टच्या सरासरी दिवशी बॅटरी पूर्ण भरते आणि झड लागली तरी दोन रात्री निभतात. तिसऱ्या रात्री टीव्ही बंद ठेवावा लागतो. मामांना ते मान्य आहे, कारण आता त्यांना ते आधी माहीत आहे.

आता याचा एलसीओई काढू. बॅटरी आता उपाशी राहत नाही, म्हणून पाच वर्षं धरली. पंख्यांचा हप्ता जोडून वर्षाचा खर्च १३,०४८ रुपये. वर्षाचे युनिट ३६५. भागाकार ३५.७.

म्हणजे एलसीओईच्या हिशोबाने माझी पहिली, फसलेली यंत्रणा १८.५ला आणि ही चालणारी यंत्रणा ३५.७ला! संगणकाला विचारलं तर तो पहिलीच निवडेल. कारण उघड आहे. छेदात युनिट आहेत. तुम्ही काटकसरीचे पंखे लावले की युनिट कमी होतात आणि आकडा फुगतो. पण मामांना युनिट नको होते, त्यांना रात्रभर वारा आणि उजेड हवा होता. ‘एका रात्रीचा खर्च’ काढा: कागदावरची जुनी यंत्रणा ३३ रुपये, प्रत्यक्षातली जुनी यंत्रणा जवळपास ५९ रुपये, आताची ३६ रुपये. छेद बदलला की निकाल उलटतो.

इथे थांबून तुमच्या हातातल्या निबंधाचा छेद बघा.

मोठ्या आकड्यांतही हेच

तुम्ही म्हणाल, हे आखाड्याचं झालं. मेगावॅटमध्ये असं कुठे होतं? होतं.

२०२२ साली सेकीच्या ५०० मेगावॅट/१००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणुकीच्या निविदेत दर आला होता महिन्याला प्रति मेगावॅट १०.८४ लाख रुपये. २०२४च्या अखेरीस राजस्थानच्या निविदेत तो २.२१ लाखांवर आला. दोन वर्षांतली घसरण खरी आणि मोठी आहे. पण लक्षात घ्या, हे भाडं आहे, प्रति युनिट दर नाही. एक मेगावॅटमागे दोन मेगावॅट-तास साठवण. दिवसातून दोनदा भरून रिकामी केली तर महिन्याला १ लाख २० हजार युनिट, म्हणजे १०.८४ लाखांच्या दराने युनिटला ९ रुपये आणि २.२१ लाखांच्या दराने १ रुपया ८४ पैसे. एकदाच वापरली तर दुप्पट: १८ रुपये आणि ३ रुपये ६८ पैसे. बॅटरी भरायच्या विजेची किंमत आणि तोटा वेगळाच. म्हणून ‘साठवणूक आता इतके रुपये युनिट’ असं वाक्य दिसलं की दिवसाला किती फेऱ्या धरल्यात ते शोधा. सापडलं नाही तर तो आकडा तुमच्या निबंधात उद्धृत करू नका.

आपल्या राज्यातलं दुसरं उदाहरण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०चं. २०२४ साली या योजनेत सुमारे ९,००० मेगावॅटच्या प्रकल्पांना देकारपत्रं दिली गेली, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. हा दर मामांच्या साडेअठराशेजारी ठेवून ‘छोटी यंत्रणा सहापट महाग’ असं लिहिणारे भेटतात. पण तीन रुपयांचं युनिट दुपारचं आहे, मामांचं रात्रीचं. योजनेची कल्पना चांगली आहे ती याचमुळे: शेतीचा पंप दिवसा चालवता येतो, पाणी विहिरीतून शेतात किंवा टाकीत जातं, बॅटरी लागतच नाही. लोडच उन्हाच्या वेळेला आणून बसवला. आमच्या पंख्यांचीच गोष्ट, फक्त हजारो पटींनी मोठी.

आता लोड वाढतो तेव्हा काय होतं? पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ग्रामऊर्जाने ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड उभं केलं. घरटी जेमतेम २४० वॅट. इतक्या कमी क्षमतेत गाव चालवायचं तर मीटर, वसुली आणि वापराची शिस्त हा रचनेचाच भाग असावा लागतो, आणि तिथे कारभार गावकऱ्यांच्या न्यासाकडे दिला गेला. बिहारमधल्या धरनईत २०१४ साली ग्रीनपीसने १०० किलोवॅटचं मायक्रोग्रिड उभारलं, गाजावाजाही खूप झाला. पुढे सरकारी ग्रिडची स्वस्त वीज आली, लोकांना फ्रिज-कूलर चालवायचे होते, आणि ते मायक्रोग्रिड बंद पडलं. या दोन्ही कहाण्यांतला निर्णायक भाग एलसीओईच्या सूत्रात कुठेच बसत नाही.

मग एलसीओई टाकून द्यायचा का?

नाही. एकाच जागी, एकाच वेळी, एकसारखीच वीज देणाऱ्या दोन पर्यायांची तुलना करायला तो ठीक आहे. दोन कंपन्यांच्या पॅनलांतला फरक बघायचाय? जरूर काढा. अडचण सुरू होते ती वेगवेगळ्या वेळी वीज देणाऱ्या गोष्टी एका रांगेत उभ्या केल्यावर. हे मी शोधून काढलेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल जॉस्को यांनी २०११ सालीच ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवलं होतं की हवी तेव्हा चालवता येणारी वीज आणि ऊन-वाऱ्यावरची वीज यांची तुलना केवळ एलसीओईने करणं चुकीचं आहे, कारण विजेचं मोल तासागणिक बदलतं. मी एमएस्सीला होते तेव्हा तो निबंध येऊन काही वर्षं झाली होती. मी वाचला नव्हता. माझ्या संदर्भसूचीत चाळीस निबंध होते आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखेच होते.

वाचताना आणि लिहिताना

कुठलाही सौर-बॅटरी निबंध हातात आला की मी आता खर्चाचा तक्ता शेवटी बघते. आधी लोड: मोजलेला की मनाने धरलेला, कोणत्या ऋतूचा? मग सगळ्यात वाईट आठवडा: त्या सात दिवसांत यंत्रणा काय करते याचा आलेख आहे का? मग वीज न मिळण्याची मुभा, टक्क्यांत आणि रात्रींतही. मग बॅटरीचं वय कुठून आलं आणि ते वापराशी जोडलंय का. मग लोडच कमी करण्याचा किंवा दिवसा सरकवण्याचा पर्याय तपासलाय का. हे सगळं झाल्यावर प्रति युनिट किती ते वाचा. तोपर्यंत तो आकडा मोठा की लहान, यावर मत बनवू नका.

तुमच्या प्रस्तावात अजून एक गोष्ट घाला असं मी सुचवेन: ज्यांच्यासाठी क्षमता काढताय त्यांना विचारा की किती सलग रात्री अंधार चालेल. मी मामांना हा प्रश्न यंत्रणा बसवल्यावर दोन वर्षांनी विचारला. ते म्हणाले, ‘एक चालंल. दोन झाल्या तर तुझी मामी गावात जाऊन राहील.’ बॅटरीचं माप काढायला एवढी माहिती पुरेशी होती, आणि ती लघुप्रबंधाच्या ८६ पानांत कुठेच नव्हती.